सातव्या खुंटीचा टायर

देवासच्या एका टायर कारखान्यात, तपासणी विभागात, चिंतामणी पागनीस यांनी एकतीस वर्षे काढली. त्यांच्या सहीने बाहेर पडलेला एकही टायर तक्रार होऊन परत आला नाही, असे त्यांचे सहकारी सांगत. चिंतामणराव स्वतः कधी असे बोलत नसत. ते खिशात हवेचे दोन मापक बाळगीत. दोन कशाला, असे कोणी विचारले तर एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, एवढेच उत्तर मिळे.

निवृत्तीनंतर त्यांना हवे तसे काम आपणहून चालत आले. धार जिल्ह्यात, पीथमपूरच्या पुढे माळावर, एक खाजगी धावपट्टी झाली आहे. महिन्यातून एका रविवारी हौशी मंडळी आपापल्या वेगवान मोटारी तेथे आणतात आणि वीस-वीस मिनिटांच्या पाच सत्रांत मनसोक्त पळवितात. शर्यत नसते, बक्षीस नसते. ज्याचा त्याचा वेग आणि ज्याची त्याची छाती. तेथे एका मांडवात टायर चढविण्या-उतरविण्याचे यंत्र घेऊन चिंतामणराव बसत.

रस्त्यावर तीन वर्षे निघणारा भारी टायर तेथे दोन-तीन रविवारांत संपतो. नवखे लोक खाचांची खोली पाहतात आणि खाच शिल्लक आहे म्हणून निर्धास्त राहतात. चिंतामणराव त्यांना समजावून सांगत की टायर झिजून संपतो हे अर्धेच खरे आहे. तो तापून संपतो. थंड टायर पट्टीवर जातो, हात लावता येऊ नये इतका तापतो आणि परत निवतो, हा त्याचा एक ताप. असे बारा-पंधरा ताप झाले की रबर आतून ताठरते. वरून टायर तोच दिसतो, पण वळणावर जमीन सोडतो. म्हणून प्रत्येक टायरचे ताप मोजावेत, वहीत लिहावेत आणि संख्या भरली की खाचांकडे न पाहता तो काढून टाकावा.

ही वही त्यांच्या अभिमानाची जागा होती. पागनीसांच्या पाच पिढ्यांनी संस्थानच्या पागेतील घोड्यांची नोंद ठेवली होती. त्या नोंदीची रीत अशी की घोडा नावाने लिहायचा नाही, ठाणावर, म्हणजे त्याच्या बांधायच्या जागेवर लिहायचा. घोडे येतात-जातात, ठाण हलत नाही. चिंतामणरावांनी टायरांना तीच रीत लावली.

धारच्या राजवीर शितोळे यांचे टायर या रीतीने ठेवले जात. राजवीर हा जुन्या सरदार घराण्यातला. पीथमपूरला सुट्या भागांचा व्यवसाय, वय चौतीस, ॲक्सिलरेटरवर पाय जड. त्याच्या गॅरेजच्या भिंतीत चिंतामणरावांनी सात खुंट्या ठोकवून घेतल्या होत्या आणि वहीत खुंटीवार नोंद होती. एक ते चार, नऊ ते अकरा ताप. पाच आणि सहा, दोन ताप. सातवी खुंटी, बाद. शिवाय प्रत्येक टायरच्या आतल्या, गाडीकडच्या अंगाला, फोटोत दिसू नयेत म्हणून, मेणखडूच्या पांढऱ्या रेघा होत्या, एका तापाला एक. खुंटी हा पहिला साक्षीदार आणि रेघ हा दुसरा.

सातव्या खुंटीवरच्या टायरवर मात्र तांबडी फुली होती. ऑगस्टमध्ये त्याची हवा हळूहळू गेली, राजवीरला कळले नाही आणि तीन फेऱ्या तो तसाच दामटला गेला. वरून टायर बिनदोष दिसत होता. आत मात्र रबर चुरगळून गोल सुरकुती पडली होती. असा टायर पुन्हा वेगात घातला तर केव्हा चिंध्या होईल याचा नेम नाही. राजवीरच्या लेकीला, चार वर्षांच्या चिऊला, त्याचा झोका करून द्यायचा असे ठरले होते.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सत्रे होती. आदल्या दिवशी चिंतामणरावांना टोंकखुर्दला व्याह्यांकडे जाणे भाग होते, म्हणून त्यांनी फोनवरच सांगितले: एक ते चार खुंट्यांवरचे धारमध्येच चढवून घ्यावेत, पाच आणि सहा शेवटच्या सत्राला पुढच्या चाकांना लागतील, आणि सातवा खुशाल झाडाला बांधावा. रविवारी सकाळी त्यांनी चारही चाकांची हवा दोन्ही मापकांनी पाहिली. वाकून गाडीकडची बाजू पाहिली असती तर जे दिसायचे ते तेव्हाच दिसले असते. पण वही जवळ होती आणि वहीत सर्व स्वच्छ लिहिलेले होते.

दुसरे सत्र सुरू होऊन पाच मिनिटे झाली असतील. राजवीरची बहीण कृतिका हिचा धारहून फोन आला.

"काका, ते दोन टायर घेऊन निघते आहे. त्यांच्यावर हळदीकुंकू आहे, पुसून टाकू का? आजीसाहेब बोल रही हैं की रहने दो."

चिंतामणरावांनी विचारले की टायरांना हळदीकुंकू कसे लागले. ती हौसेने सांगू लागली. खंडेनवमीला तलवारींबरोबर या साली दादाचे टायरही पूजेत मांडायचे, असे आजीसाहेबांनी, म्हणजे भवानीबाईंनी, ठरविले होते. पूर्वी घोडे धूत, तसे सातही टायर अंगणात आणून धुतले. आतल्या बाजूला कसल्या लकीरा होत्या, एकावर लाल फुली होती, ते सगळे पेट्रोलच्या फडक्याने घासून काढले. बहुत मेहनत लगी. मग तेल लावून चकचकीत केले. पूजेतले टायर बिना तेलाचे बरे दिसत नाहीत.

"आणि परत टांगताना?" चिंतामणरावांनी विचारले. "कोणता कोणत्या खुंटीवर, हे कोणी पाहिलं?"

"जो हाताला लागला तो टांगला, काका. सगळे सारखेच तर आहेत."

ते खरेही होते. चिंतामणरावांनीच अदलाबदल करून, कमी तापांचे टायर रस्त्यावर फिरवून, सर्व टायरांची झीज सारखी राखली होती. आता दोन्ही साक्षीदार गेले होते, आणि बाद टायर सातांपैकी कोठेही असू शकत होता. झाडाला, कृतिकाच्या गाडीत, किंवा या क्षणी राजवीरच्या चार चाकांपैकी एकात.

टेकाडामागून इंजिनाचा आवाज चढत आला. लांब सरळ पट्टीवर राजवीर एकशे ऐंशीच्या आसपास असे आणि तिच्या टोकाला डावे वळण होते. चिंतामणराव ऐकत राहिले. आवाज उतरला, वळणात रबर किंचाळले आणि पुन्हा चढला. एक फेरी पार पडली होती.

ते नियंत्रकाच्या मनोऱ्याकडे चालू लागले आणि चार पावलांवर पळू लागले. त्यांना पळताना तेथे कोणी कधी पाहिले नव्हते. मनोऱ्यात झेंड्यांचा प्रमुख मारुती बसला होता. राजवीरच्या गाडीला काळा झेंडा दाखवून आत घ्या, असे चिंतामणरावांनी धापा टाकीत सांगितले.

मारुतीने झेंडा उचलला, पण कागदही पुढे ओढला आणि खास इंदुरी ढंगात म्हणाला, "भिया, कारण लिहावं लागतं. गाडीत काय बिघाड आहे, पक्कं सांगा."

पक्के काहीच सांगता येत नव्हते. कदाचित चारही टायर निर्दोष असतील, आणि मग एकतीस वर्षांची पत चारचौघांत धुळीला मिळेल. आवाज पुन्हा सरळ पट्टीवर आला.

"लिहा," चिंतामणराव म्हणाले, "पागनीसांची नोंद चुकली."

मारुतीने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि झेंडा बाहेर काढला. राजवीरने तो पाहिला नाही. पांढरी गाडी समोरून सुसाटत गेली, तिच्या चाकांकडे पाहून काहीच समजत नव्हते, आणि आणखी एक पूर्ण फेरी ऐकत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. चिंतामणरावांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. डावे वळण आले. रबर किंचाळले, थांबले, आणि क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग गिअर बदलल्याचा आवाज आला.

पुढच्या वेळी झेंडा दिसला आणि गाडी आत आली.

राजवीर हेल्मेट काखेत धरून मांडवात आला तेव्हा त्याचे दोन मित्रही मागोमाग आले. गाडी मक्खनसारखी चालली होती, मग झेंडा कशाला, असे त्याने विचारले. चिंतामणरावांनी काही न लपवता सांगितले: टायर धुतले गेले, रेघा गेल्या, खुंट्या बदलल्या, ऑगस्टमधला टायर कोठे आहे हे आपल्याला ठाऊक नाही. चारही उतरवून आतून पाहिल्याशिवाय गाडी पट्टीवर जाणार नाही.

"मग ती वही कशाला आहे?" राजवीर म्हणाला.

"तीच चुकली."

"पाच पिढ्या पागा सांभाळली, काका, आणि सात टायर सांभाळता नाही आले."

मित्र हसले. चिंतामणरावांनी जाड हातमोजे चढविले आणि पहिले चाक यंत्रावर घेतले. टायर इतका तापला होता की मोज्यातून बोटे भाजत. आत विजेरीचा उजेड टाकून त्यांनी पूर्ण वळसा पाहिला. गुळगुळीत. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. तिसरे सत्र सुरू झाले आणि इतरांच्या गाड्या मांडवासमोरून पळू लागल्या. राजवीर हाताची घडी घालून उभा होता. चौथा टायर उतरवताना आपण दोष सापडावा अशी इच्छा करीत आहोत, हे ध्यानात येऊन चिंतामणरावांना स्वतःची लाज वाटली.

चौथाही निर्दोष निघाला.

"चारही साफ," राजवीर म्हणाला. "आता स्टिअरिंगही खोलून बघता का?"

इतक्यात कृतिका आली. तिच्या गाडीत दोन टायर होते, काळे, तेलाने तुकतुकीत, कडेला कुंकवाची बोटे. राजवीरने वेळ न दवडता सांगितले की दोन्ही पुढे चढवा, गेलेले सत्र भरून काढतो. यांचे तर दोनच ताप झालेत. आणि खरोखर वहीत पाच व सहापुढे "ताप दोन" असे चिंतामणरावांच्याच टपोऱ्या अक्षरांत लिहिलेले होते. चारही चाके निर्दोष निघाली, म्हणजे बाद टायर झाडालाच बांधला गेला असणार. सगळे तसेच समजून चालले होते. यंत्राचा दांडा चिंतामणरावांच्या हातात होता.

त्यांनी दांडा सोडला. वही मिटून स्टुलावर ठेवली, मोजे काढले आणि उघडा हात पाचव्या टायरच्या पोटात घालून सावकाश फिरविला. काही नाही. मग सहाव्यात घातला. अर्ध्या वळशावर बोट अडले.

त्यांनी राजवीरचे मनगट धरले आणि त्याचा हात आत नेला. राजवीरची बोटे त्या सुरकुतीवरून पुढे गेली, परत आली, तेथेच थांबली. सरळ पट्टीवरून कोणाची तरी गाडी किंचाळत डाव्या वळणात गेली आणि राजवीरने नकळत तिकडे मान वळविली.

"हा मी पुढच्या चाकाला घालणार होतो," तो म्हणाला.

"मीच घातला असता," चिंतामणराव म्हणाले. "वहीत तसंच आहे."

मग कोणाच्या तरी ध्यानात आले की झोक्याला चांगला टायर बांधला गेला आहे. कृतिकाने सांगितले की चिऊ सकाळपासून त्यावर बसली आहे आणि जेवायलाही उतरलेली नाही.

राजवीरने मित्रांना चहा घेऊन यायला पाठविले आणि ते गेल्यावर हळू आवाजात विचारले की उरलेल्या चारांवर आज काही करता येईल काय. पूर्वी त्याने असे कधी विचारले नव्हते. चिंतामणरावांनी विचार केला. कोणत्या टायरचे दोन, कोणत्याचे नऊ आणि कोणत्याचे अकरा, हे आता कळणार नव्हते. तेव्हा चारहींचे अकरा धरायचे, आणि सकाळचे दोन मिळवून तेरा. चार फेऱ्या, ते म्हणाले, त्यातली शेवटची हळू. मग गाडी ट्रेलरवर.

शेवटच्या सत्रात चिंतामणराव मनोऱ्याच्या कठड्याशी उभे राहिले. चौथ्या फेरीला गाडी हळू झाली आणि झेंड्याशिवाय आत आली.

दुसऱ्या दिवशी ते लोखंडी अंक आणि एक स्टोव्ह घेऊन धारला गेले. ऑगस्टचा टायर त्यांनी आधी करवतीने आरपार कापला. नंतर अंक तापवून, पागेतल्या घोड्यांना डाग देत त्याप्रमाणे, उरलेल्या सहा टायरांच्या खाचांत एकेक आकडा उमटविला. झोक्याच्या टायरवरही, चिऊला त्यावरून खाली उतरवून. गॅरेजमध्ये जळक्या रबराचा वास भरला. भवानीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. झाला प्रकार त्यांच्या कानावर गेला होता आणि त्या ओशाळल्या होत्या. पुढल्या दसऱ्याला टायर पूजेत मांडले तर चालतील का, की धुतल्याने पुन्हा काही पुसले जाईल, असे त्यांनी विचारले.

चिंतामणरावांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या टायरचा आकडा लिहिला, शाई वाळू दिली, आणि मग मान वर केली.

"धुवा, आईसाहेब. चांगले घासून धुवा."