कातडीचे थर

नागू माझा सख्खा मामा. त्याच्या हुशारीचं कौतुक मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि मला त्याचा राग येतो तोही त्या हुशारीपायीच.

एकोणीसशे अकराच्या सुमाराला तो सुप्याला जंगलखात्याच्या एका गोऱ्या साहेबाकडे कामाला होता. साहेबाला तैलचित्रांचा नाद. बंगल्यात विलायतेतल्या कुण्या जुन्या उस्तादाच्या चित्राची नक्कल टांगलेली होती. चित्रात एक म्हातारी मड्डम. मामाचा हात पाहून साहेबानं त्याला तेच चित्र उतरवायला बसवलं. आधी नुसत्या तपकिरी रंगात उजेड-सावली, ती वाळली की पांढरा, पिवळा, तांबडा कालवून वर कातडीचे पातळ थर. तीन वर्षांत मामानं ती म्हातारी चारदा काढली. चौथ्या वेळी खरी कुठली, हे साहेबालाही ओळखू येईना.

ते चौथं चित्र झालं त्याच साली माझी आजी तुळजा तापानं अंथरुणाला खिळली. उभा जन्म बाजारकुणंग गावच्या उन्हात राबलेली, काळीसावळी बाई. आईचं तोंड तरी घरात राहावं म्हणून मामा रंग घेऊन गावी आला. दोन दिवसांत तपकिरी चित्र उभं राहिलं. शेजारचा येसाजी दारातच थबकला. "व्हय, तुळजाच ही," म्हणाला.

आजी कितीतरी वेळ बघत राहिली. "नागू, ऱ्हाऊ दे असंच. आता हात लावू नगंस."

"आये, ह्ये कच्चं हाय अजून. कातडी चढवायची ऱ्हायलीया."

ते वाळायच्या आत आजी गेली. बारावं-तेरावं आटोपल्यावर मामा पुन्हा चित्रासमोर बसला. आईचं काम अर्धवट कसं सोडायचं? तपकिरी जास्त घातला तर चेहरा मळकट दिसायला लागला. मग या शहाण्यानं साहेबानं शिकवल्याबरहुकूम पांढरा वाढवला, आणि थरावर थर दिले.

माझी आई पारू तेव्हा सहा वर्षांची. चित्र बघून तिनं विचारलं, "दादा, ही कोण?"

मामा टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवून वरचे थर पुसायला लागला. वरच्याबरोबर खालचा तपकिरीही सुटला, तरी तो पुसतच राहिला. शेवटी डागाळलेलं कापड तेवढं उरलं. त्यानंतर त्यानं कुंचला धरला नाही.

आजी दिसायची कशी, असं मी आईला एकदा विचारलं.

"आठवत न्हाई रं," ती म्हणाली. "डोळं मिटलं की ती गोरीच दिसती."