नानांचा विटकरी शर्ट

आमचे नाना कारखान्याला जाताना कालव्याच्या पुलाजवळ सायकल लावायचे, कडुलिंबाच्या आडोशाला जाऊन अंगातला शर्ट काढायचे आणि पिशवीतला दुसरा घालायचे. संध्याकाळी परत येताना त्याच लिंबाखाली थांबून पहिला शर्ट पुन्हा अंगात चढवायचे आणि मग आमच्या कळस गावाच्या रस्त्याला लागायचे. भवानीनगरच्या साखर कारखान्यात कायम नोकरी, घरी बायकापोरं, मिशा पिकायला लागलेल्या. आणि असा माणूस रोज झाडाआड उभा राहून चोरासारखा शर्ट बदलायचा.

हे मला कळलं ते योगायोगानं. मी तेव्हा हायस्कूलला होते. शेळीसाठी पाला काढायला कालव्याकडे वळले आणि समोर नाना. अंगात विटकरी रंगाचा, बारीक काळ्या चौकड्यांचा, दोन्ही खिशांना झाकणं असलेला शर्ट. बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या. क्षणभर मला ते ओळखूच आले नाहीत.

"आल्के, हितं काय करतीस?"

"पाला न्यायला आले. नाना, ह्यो शर्ट कुणाचा?"

"माझाच हाय."

"मग घरी कधी दिसला न्हाय तो?"

नाना एकेक बटण सोडत म्हणाले, "माझा हाय म्हणूनच दिसला न्हाय. घरात जे दिसतंय ते समद्यांचं असतंय."

हे समजायला आमचं घर माहीत हवं. आबा थोरले, मधले दादा, म्हणजे माझे वडील, आणि नाना धाकटे, असे तिघे भाऊ एकत्र राहत होते. दिवाळीच्या आधी आबा इंदापूरच्या पेठेत बशीरभाईंच्या दुकानी जायचे आणि शर्टाच्या कापडाचा अख्खा तागा घेऊन यायचे. पांढऱ्यावर निळ्या रेघा. वर्षानुवर्षं त्याच. तिघा भावांचे शर्ट त्यातले, पोरांचे त्यातले, आम्हा मुलींचे झगे त्यातले. उरलेल्या कापडाच्या उशीच्या खोळी आणि बाजाराच्या पिशव्या व्हायच्या. उशीवर डोकं टेकलं की आबांच्या छातीवर टेकल्यासारखं वाटायचं. बायकांची पातळंही आबाच आणत, एकाच काठाची. बशीरभाई एकदा म्हणाले, "आबा, यंदा लई नवीन डिझाइनं आल्यात, बघा तरी." आबांनी विचारलं, "गेल्या सालचं हाय का?" "हाय की." "मग दावू नका. बांधा."

आबा वाईट नव्हते. आमच्या आजोबांच्या काळी घरची मेंढरं होती आणि साऱ्यांच्या खांद्यावर त्याच मेंढरांच्या लोकरीची घोंगडी असायची. मेंढरं गेली, ऊस आला, पण ती घोंगडी आबांच्या मनातून गेली नाही. ते म्हणायचे, "कापड एक असलं म्हंजी त्याला भारी नि मला हलकं, ह्यो इचारच डोक्यात येत न्हाय. घर फाटायला आधी कापडच फाटतंय." स्वतःचा शर्ट ते सगळ्यांत शेवटी बेतायला सांगायचे, म्हणून त्यांच्या बाह्या नेहमी थोड्या आखूड असायच्या.

गाव आम्हाला बँडवाले म्हणायचं. पाठमोरे आबा, दादा आणि नाना कुणाला वेगळे ओळखू येत नसत. लहानपणी जत्रेत मी नाना समजून एक शर्ट मागून ओढला आणि म्हणाले, "नाना, मला पाळण्यात बसवा, आबांना सांगू नका." वळून बघितलं तर आबाच. त्यांनी मला पाळण्यात बसवलं, पण त्यांचं तोंड बघून मी सगळा वेळ डोळे मिटूनच बसले.

आमच्याकडे कापडाची भाषा साऱ्या गावाला वाचता यायची. एकत्र घरातला एखादा भाऊ निराळ्या कापडात देवळात आला की लोक ओळखायचे, ह्यांची चूल वेगळी झाली. वाटणी तलाठ्याच्या आधी पारावर कळायची. म्हणून नानांचा शर्ट हा नुसता शर्ट नव्हता. तो घालून ते वेशीतून आत आले असते, तर संध्याकाळच्या आत आमचं घर फुटल्याची बातमी घरोघरी गेली असती. हे नानांना पुरतं माहीत होतं. म्हणून शर्ट दिवसभर भवानीनगरला मिरवायचा, दुपारच्या सुट्टीत कधी तिथल्याच नळावर धुवायचा, आणि घरी यायच्या आधी घडी करून पिशवीत डब्याखाली दडवायचा.

तो त्यांनी घेतला कसा, हेही त्यांनीच मला सांगितलं. बैलाचं औषध आणायला बारामतीला गेले होते. तेव्हा तिथं तयार कपड्यांची दुकानं नव्यानं निघत होती. एका काचेमागं पुतळ्याच्या धडावर तो शर्ट चढवलेला. "त्या धडाला डोस्कं नव्हतं, आल्के," नाना म्हणाले. "मी काचंसमोर हुबा ऱ्हायलो तर माझंच डोस्कं त्याच्यावर बसलेलं दिसलं. मग मला हलताच येईना."

कपड्यांकडे बघण्याचा त्यांना नाद होता. बारामतीच्या एस.टी. स्टँडवर ते गाडीपेक्षा माणसंच बघत बसायचे. "त्यो बघ. शर्ट बायकूनं घेतलाय. गळ्यापतुर बटनं लावलीत, न्हायतर घरी भांडण." सफारी घातलेला कुणी दिसला की म्हणायचे, "सफारीनं मानूस सायब हुतो आसं न्हाय, पर बसायला खुर्ची लौकर मिळती." आणि मग स्वतःच्या रेघांकडे बघून, "आन आमी बघ. हितनं तितपतुर एकच मानूस."

मग शकूताईचं लग्न ठरायला आलं. शकूताई म्हणजे आबांची मुलगी. स्थळ माळेगावकडचं, चांगलं, ट्रॅक्टर असलेलं. त्यांना मोठ्या एकत्र घरातली मुलगी हवी होती. बघणं झालं, पसंती झाली, आणि सुपारी फोडायच्या आठवड्यात मुलाचे मामा अचानक दारात आले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा ते आबांना विचारत होते, "वाटण्या झाल्या म्हनं तुमच्या?"

आबांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "कोण म्हनलं?"

"मीच बघितलं. भवानीनगरला तुमचा धाकटा तांबड्या चौकड्यात हिंडत हुता. झाल्या असत्याल तर झाल्या, त्यात काय वंगाळ न्हाय. पर आमच्यापसनं लपवायचं कारन काय? आज हे लपवलं, उद्या पोरीचं काय लपवाल?"

आत चुलीपाशी शकूताईनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात सायकलीची घंटा वाजली आणि नाना अंगणात आले. अंगात निळ्या रेघा, नेहमीसारख्या. हँडलला ती पिशवी लटकत होती. पिशवीत काय आहे हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं.

मामांनी बोट दाखवलं. "हेच."

नाना माझ्याकडे बघू शकले असते, पण बघितलं नाही. म्हणाले, "व्हय, मीच. कामावर अंगावर काळं आइल सांडलं, म्हनून एका दोस्ताचा घातला हुता. पावनं, आमच्यात येगळं कापड न्हाय अन् येगळी चूलबी न्हाय. ह्या उशा बघा, त्याबी रेघांच्याच हायती."

मामा हसले. सगळेच हसले. चहा झाला, सुपारीचा दिवस पक्का राहिला. पाहुणे गेल्यावर आबा नानांना एवढंच म्हणाले, "पुन्यांदा दोस्ताचं कापड अंगाला लावू नगंस."

"न्हाय लावत," नाना म्हणाले.

आणि खरंच लावलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो शर्ट माझ्या पुस्तकांच्या पत्र्याच्या पेटीत तळाला ठेवायला दिला. "तुझ्या पुस्तकाला कुणी हात लावत न्हाय," एवढंच म्हणाले. त्यानंतर नानांची सायकल पुलाजवळ थांबली नाही. शकूताईच्या लग्नातल्या फोटोत तिघे भाऊ ओळीनं उभे आहेत. तिघांतले नाना शोधायला मला आजही मिशांवरून जावं लागतं.

मला मात्र नानांनी त्या ओळीत उभं राहू दिलं नाही. बारावीनंतर बारामतीच्या कॉलेजात जायचं ठरलं. ठरलं म्हणजे नानांनी आबांच्या रोज मागे लागून ठरवलं. कॉलेजात मुली पंजाबी ड्रेस घालतात हे कळल्यावर आबांनी विचार केला आणि उदारपणे ताग्यातलं कापड काढून दिलं. मी निळ्या रेघांचा पंजाबी ड्रेस घालून वर्गात बसणार, ह्या कल्पनेनं मला रडू येत होतं. ॲडमिशनच्या दिवशी फी भरून झाल्यावर नाना मला सरळ एका कापडदुकानात घेऊन गेले.

दुकानदारानं गादीवर ढीग घातला. अबोली, शेवाळी, मोरपिशी. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. मला खरोखरच काही सुचत नव्हतं. आयुष्यात कुणी मला विचारलंच नव्हतं की तुला कुठलं हवं.

"नाना, तुमीच सांगा."

"मी सांगितल्यावर आबात नि माझ्यात फरक काय ऱ्हायला?"

"मग ह्यांना इचारा, कुठलं चांगलंय ते."

"ते इकायला बसल्यात." नाना दुकानदाराला म्हणाले, "घाई न्हाय ना? पोरगी बोलंस्तवर आमी थांबनार."

आम्ही थांबलो. दुसरी गिऱ्हाइकं आली, घेऊन गेली. दुकानदारानं चहा मागवला. नाना चहा पीत रस्त्याकडे बघत बसले, माझ्याकडे मुद्दाम बघितलं नाही. शेवटी मी शेवाळी कापडावर बोट ठेवलं. नानांनी वळून बघितलं आणि म्हणाले, "हे? बरं." चांगलं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. ते 'बरं' मला अजून ऐकू येतं. आज मी वर्गापुढे उभी राहून शिकवते, मुलांना उत्तर सुचेपर्यंत थांबते, ते त्या गादीवर शिकले.

घरी आबांनी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "कालिजात रेघा चालत न्हाईत."

"रेघा चालत न्हाईत? आसलं कसलं कालिज?"

"सरकारीच नियम हाय म्हनं."

सरकारचं नाव निघाल्यावर आबांनी रेघांचं कापड घडी करून परत ठेवलं.

माझं शेवटचं वर्ष चालू असताना आबा गेले. वर्षश्राद्धापर्यंत घर कसंबसं एकत्र टिकलं, मग वाटण्या झाल्या. भांडण फारसं झालं नाही, कुणी कुणाला अडवलं नाही. दिवाळी आली तशी प्रत्येक घर आपापलं बारामतीला गेलं. दादा प्रथमच रंगीत बुशशर्टात दिसले, चुलतभावांनी जीन्स आणल्या, बायकांनी जिनं तिनं आपल्या आवडीचा काठ-पदर बघून साडी घेतली. मी तेव्हा बी.एड. करत होते, सुट्टीला आले होते. पेटीच्या तळातून विटकरी शर्ट काढला, इस्त्री केली आणि नानांपुढे ठेवला.

"घाला आता. आता कोण न्हाय म्हनतंय?"

नानांनी तो उघडला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. अंगात घातला, बाह्या दुमडल्या, भिंतीवरच्या आरशात बघितलं. पोटावर जरा ताणला होता, पण शोभत होता. काकी दारातून बघून हसली.

"चांगला दिसतुया न्हाय?" नानांनी विचारलं.

"लई."

ते बराच वेळ आरशासमोर उभे राहिले. मग बटणं सोडायला लागले. लिंबाखाली सोडायचे तशीच, वरून खाली, एकेक.

"का हो, नाना?"

"आता समदीच येगळी झाली, आल्के. ह्यो घालून मी कुणापसनं येगळा दिसू?"

दोन दिवसांनी ते इंदापूरला गेले आणि सायकलच्या कॅरियरला बांधून तागा घेऊन आले. निळ्या रेघा. बशीरभाईंकडे आता ते कापड कुणी घेत नव्हतं, कोपऱ्यात पडून होतं. काकी अंगणातच ओरडली, "आवं, आख्खा तागा? शिंप्याचं दुकान काढताय का?" नाना हसले नाहीत. म्हणाले, "सवयीनं सुटं मागायचं ध्यानातच आलं न्हाय." पण त्यांनी तो परत केला नाही. दादांना विचारलं, पोरांना विचारलं. कुणाला नको होता. मग सगळे शर्ट त्यांनी एकट्यासाठीच शिवून घेतले. पुढं ते असेपर्यंत मी त्यांना दुसऱ्या कापडात पाहिलं नाही.

मला नोकरी लागली तेव्हा नाना कळसच्या फाट्यावर सोडायला आले होते. दसऱ्याच्या आधीचा बाजाराचा दिवस, फाट्यावर ही गर्दी. मी म्हणाले, "चला माझ्याबरोबर, चार दिवस ऱ्हावा." ते म्हणाले, "बघू की." ते येणार नाहीत हे दोघांनाही कळलं. त्यांनी माझी पेटी टपावर चढवून दिली. तळाला तो शर्ट होता. मागितला नाही, मीही दिला नाही.

गाडी निघाली तशी मी खिडकीतून मागे वळून बघितलं. फाट्यावर सगळ्या रंगांचे लोक उभे होते. नाना पाठमोरे होऊन सायकलीकडे चालले होते. मला शोधावं लागलं नाही. त्या सगळ्या गर्दीत निळ्या रेघांचा तो एकच माणूस होता.