न मागितलेला मान

माझ्या लग्नाचा मुहूर्त दुपारचा होता आणि लग्न लागलं दिवस मावळताना. कारण एकच, मालक आले नव्हते. जाफराबादकडच्या आमच्या गावात मालकांचा पाय मांडवात पडल्याशिवाय कुणाच्या लेकीवर अक्षता पडत नसत. वडील तर त्यांचीच जमीन बटईनं करायचे.

मी सकाळपासून उपाशी. अंगावरची हळद वाळून खाजत होती. शेजारी आत्या बसली होती. म्हणाली, "नशीब समज. पूर्वी नवरी पहिल्या राती मालकाच्या घरी न्यायचे म्हणं."

"आपल्या गावात?"

"छे, आपल्यात न्हाई. तुझ्या सासरकडं."

पुढे सासरी गेले, तर तिथल्या बाया हीच गोष्ट आमच्या गावाची म्हणून सांगत. खरं-खोटं देव जाणे. मांडवात ताटकळलेली मी मात्र खरी होते.

शेवटी मालक काठी टेकत आले. अंगात ताप होता त्यांच्या. माझ्याकडे बघून वडिलांना म्हणाले, "माझ्यासाठी थांबले व्हय? मी कधी म्हणलो थांबा? पोरीला उपाशी ठिवलं बिनकामाचं."

वडिलांनी हात जोडले. "मान हाये मालक तुमचा."

दिवसभर मालकांवर धुमसणारा माझा राग तिथंच वडिलांकडे वळला. मालकांच्या आज्यानं हा मान दरडावून घेतला असेल. यांना मागायचीसुद्धा गरज उरली नव्हती. त्याच वेळी ठरवलं, माझ्या लेकीला असं कुणासाठी बसवून ठेवायचं नाही.

वीसेक वर्षांनी राजूरला लेकीचं लग्न निघालं. मालक कधीच गेले होते. माझा नवरा मोबाइल कानाला लावून कार्यालयाच्या दारात उभा. "साहेब येऊन राह्यलेत, दहाच मिनिटं." साहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी. मुहूर्त टळून गेला, जेवणं निवली, तरी दहाच मिनिटं. रानात दिवसभर खपूनही मी इतकी थकले नव्हते.

मी उठले आणि भटजींना म्हणाले, "मंगलाष्टकं सुरू करा."

लेकीनं माझा पदर ओढला. "आई, खाली बस. साहेब आल्याबिगर कसं? लोकं काय म्हणतील?"

तिचे ओठ सुकले होते. सकाळी राजूरच्या देवळातून आणलेला गणपतीच्या प्रसादाचा पेढा मी गुपचूप तिच्या हातात दिला. तिनं तो तसाच मुठीत धरला आणि दाराकडे बघत राहिली.