आत्याचं यान

आमची आत्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ. हाताला कंप सुटल्यापासून मात्र गप्प गप्प असायची. म्हणून ऑफिसात ती जेवणाच्या सुट्टीत खेळायची तो जुन्या डॉस कॉम्प्युटरवरचा अंतराळयानाचा गेम मी माझ्या नव्या कॉम्प्युटरवर कसाबसा चालू करून दिला.

यान उडालं आणि पापणी लवायच्या आत उल्केवर आपटलं. सहा वेळा तेच. "संपलं माझं," म्हणून तिने हात मांडीखाली दडवला.

मग मी खेळले, तर माझंही तेच!

आत्याचा आवाज एकदम चढला. "अगं गाढवे, हाताचा दोष नाही, तुझं यंत्रच घाई करतंय! तेव्हाचे कॉम्प्युटर मंद होते. याचा वेग उतरव."

मी वेगाचा आकडा खाली आणत गेले. "अजून... अजून... बस!"

या वेळी यान डुलत निघालं. थरथरत्या बोटांनी तिने दोन टप्पे पार केले आणि तिसऱ्यात यान फुटलं. मी हळहळले. आत्या मात्र टाळ्या पिटत ओरडली, "इथंच! तेव्हाही मी इथंच मरायचे!"