सुनंदाच्या गावाला नेमकं हवंय काय?

हिंगोली-गोरेगाव रस्त्याला हौसेने फिरायला जाणारं कुणी माझ्या माहितीत नाही. आम्ही गेलो ते सरांमुळे. नांदेडला समाजकार्य शिकत होतो तेव्हाची गोष्ट. सरांनी वर्गाचे गट पाडले आणि फर्मावलं: एकेक गाव धरा, लोकांची एक गरज शोधा, तिच्यासाठी अनुदानाचा प्रस्ताव लिहा. आमच्या गटातल्या सुनंदाने स्वतःचं गाव सुचवलं. राहण्याजेवण्याची सोय होतेय म्हटल्यावर मी आणि इरफानने दुसरं गाव शोधलंच नाही.

वारंगा फाट्यावर एसटी थांबते, तिथे खिचडी खा. पुढे कुठे काय मिळेल याचा नेम नाही. खिचडी खाता खाता सुनंदाने खरं कारण सांगितलं. धाकटी बहीण रमा सातवी झाली होती. गावात शाळा तेवढीच, आठवीसाठी गोरेगाव गाठावं लागतं. सुनंदा तिथे मामाकडे राहून शिकली, पण मामा आता नव्हते. "बाबा म्हणून राहिले, बस झालं रमाचं शिक्षण आता," ती म्हणाली. "पण आपल्या प्रस्तावात रमाचं नाव काढू नका. लोक म्हणतील, घरचं काम करून घ्यायला आणलं यांना."

हिंगोलीला हळदीचे दिवस होते. मोंढ्यावरून, म्हणजे हळदीच्या बाजारावरून, जाताना इरफान शिंकून शिंकून बेजार झाला. तिथून गोरेगावची जीप धरायची. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही. पाणी सोबत ठेवा. गावच्या फाट्यावर उतरून पुढे चालत गेलो आणि माझं डोकं चालेनासं झालं ते तिथपासून.

पहिल्या संध्याकाळी आम्ही मारुतीच्या पारावर लोकांना बोलावलं. सुनंदाच्या बौद्ध वस्तीतलं कुणी आलं नाही. जे आले त्यांना मी विचारलं, गावाला कशाची गरज आहे? एक म्हातारबाबा म्हणाले, "तुमच्यापाशी काय हाय ते सांगा ना बाई. तेच मागतो आमी."

वह्या मिटून आम्ही उठलो.

सरांचा नियम होता, आपल्या घराची पाहणी आपण करायची नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वस्तीत गेले, इरफान आणि सुनंदा गावात. मला कुणी विहाराला पत्रे मागितले, कुणी हातपंप, कुणी फक्त चहा पाजला. सुनंदाचे बाबा रमाबद्दल म्हणाले, "पोरगी हुशार हाय म्याडम. पर येकटी कशी धाडावी?" मी लिहिलं: वाहतूक. तिकडे कावेरीबाई नावाच्या शेतकरी घरच्या बाईने आपल्या मनीषाबद्दल इरफानला तेच सांगितलं. त्याने लिहिलं: मुलींची सुरक्षितता. मनीषा रमाच्याच वर्गातली. सुनंदा त्या घरातून परतली ती गप्पच. मी दोनदा विचारलं, काय झालं? "काही न्हाई," म्हणाली. मला राग आला. हिला बहिणीची काळजी आहे की नाही, तेच कळेना.

शेवटची बैठक सुनंदाच्या सांगण्यावरून शाळेच्या ओट्यावर घेतली. दोन्हीकडचे आले, थोडं अंतर ठेवून बसले. तिथे मी आणि इरफान भर गावासमोर भांडलो. मी म्हणे वाहतूक, तो म्हणे सुरक्षितता. शेवटी कावेरीबाई वैतागल्या. "लोकं काय बोलले ते वाचा ना. तुमचं काहून सांगून राहिले?"

वाचलं. नावं घेतली नाहीत. त्याने वाचलं, "येकटी कशी धाडावी?" मग मी वाचलं, "येकटी कशी धाडावी?"

आमच्या भांडणाची हवाच गेली. कावेरीबाई सुनंदाच्या आईकडे वळल्या. "तुमची रमा बी घरीच बसणार व्हय?"

"व्हय. काय करावं मग?"

"माझी मनीषा जाईल की तिच्या संगं."

मागे बसलेले कावेरीबाईंचे यजमान उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. याचा अर्थ मला कळला नाही, बहुतेक कुणालाच कळला नाही. परतीच्या जीपमध्ये मी सुनंदाला म्हटलं, हे तू आधीच का नाही सुचवलंस? ती म्हणाली, "मी कशी म्हणू गं त्यांना, आमच्या पोरीसंगं तुमची धाडा म्हणून?" तेव्हा कुठे तिच्या गप्प राहण्याचं कारण माझ्या लक्षात आलं. फार लाज वाटली मला.

नांदेडला सरांनी विचारलं, मग प्रस्ताव कशाचा? दोन मुलींनी सोबत चालण्यासाठी अनुदान मागता येत नाही. आम्ही अभ्यासिकेचा लिहिला. तो "गरज स्पष्ट होत नाही" असा शेरा घेऊन परत आला. शेरा चुकीचा होता असं मला आजही म्हणवत नाही. तुम्ही अशा कामाला निघाला असाल तर गट पाडा, पण रोज रात्री एकमेकांचं ऐका, एवढंच सांगू शकते.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या त्या दिवशी सुनंदा एसटीडी बूथवरून घरी बोलून आली. डोळे लाल. मी घाबरून विचारलं, रमा गेली नाही का?

"गेली. मनीषाचे बाबा सोडायला आले होते," ती म्हणाली. "आमच्या वस्तीत कधी पाय न्हाई ठेवला त्यांनी. आज दारात उभं राहून हाक मारली म्हणे, रमा, चल बाई, उशीर होऊन राहिला."