पंधरा हात पश्चिम, दोन हात उत्तर

"मिस्त्री, कल सुबह जेसीबी आ रही है. लाईन आज मारो," सदरसाहेब म्हणाले. सदर म्हणजे मशीद कमिटीचे अध्यक्ष. चुन्याची थैली त्यांनी माझ्या पायापाशी ठेवली. मी विचारलं, कोणीकडं? तर कमिटीची बोटं तीनचार दिशांना गेली.

नवेगाव बांधच्या तलावापलीकडं एका गावात नवी मशीद व्हायची होती. लेआउट माझ्याकडं. लेआउट म्हणजे खोदण्याआधी जमिनीवर चुन्यानं मारलेल्या रेघा. घराचं तोंड रस्त्याकडं केलं तरी चालते. मशिदीची पुढची भिंत किब्ल्याकडं, म्हणजे मक्केच्या काब्याकडंच पाहिजे. म्हातारे म्हणत, जुन्या मशिदीसारखी सरळ पश्चिम धरा. पोरं म्हणत, मोबाईल सांगेल तसं. अन् तीन मोबाईल तीन दिशा दाखवून राहिले होते! अर्धे लोक वेगळी मशीद काढतो म्हणण्यापर्यंत गेले.

मी चौथी नापास. पण आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं.

"पश्चिम मी काढतो. चुकली तर गिलाव्याची करणी पाण्यात फेकीन अन् घरी बसीन."

करीमभाई कमिटीतले. लोखंडाचे दुकानदार. ते बोलले, "किब्ले की डोरी अब हिंदू डालेगा?"

मी डोरी गुंडाळायला लागलो. मान घालवून काम केलं नाही कधी.

गावचे मौलाना शेजारीच उभे होते, ते हसले. "करीमभाई, हुजूर पैगंबर मक्केहून मदिनेला निघाले तेव्हा वाट दाखवणारा मुसलमान होता का? नव्हता. पण वाट जाणत होता, भरवशाचा होता. खोला काका डोरी."

मी खोलली.

जागा पाण्यानं लेव्हल केली. मधात काठी ओळंब्यानं उभी केली. काठीभोवती डोरीनं गोल मारला. सूर्य चढतो तशी सावली आखडते. तिचं टोक गोलाला लागलं, तिथं एक खुंटी. दुपार कलल्यावर सावली लांबत पुन्हा गोलाला लागली, तिथं दुसरी. दोन्ही खुंट्यांवर डोरी ताणली की झाली पूर्व-पश्चिम. आज्यानं देवळाच्या कामावर शिकवलेलं.

"ही पश्चिम. मारा चुना!"

"पश्चिम पक्की," मौलाना म्हणाले. "पण काबा नेमका तिकडं नाही. पंधरा हात पश्चिमेला गेलं की दोन हात उत्तरेला सरकावं लागते."

"काऊन? माझी रेघ खोटी?"

"खोटी असती तर माझे दोन हात मोजू कुठून?"

त्यांनी शेजारच्या मांडवावरचा कोहळा आणवला. देठ उत्तरेला धरून वरच्या भागात सारख्या उंचीवर दोन खुणा केल्या, एक आपलं गाव, एक मक्का. "ताणा दोरा." मी ताणला. दोरा आपोआप खुणांच्या वर सरकला. जमीन गोल आहे म्हणून जवळची वाट उत्तरेकडून जाते. दोऱ्याशी कोण भांडते? मी पंधरा हात मोजले, काटकोनात दोन हात घेतले अन् नवी डोरी बांधली.

करीमभाईंनी मोबाईल धरला. "देखो, गलत!"

ते सळयांच्या ढिगाला टेकून उभे होते.

"शेठ, लोखंड विकता अन् लोखंडालाच फसता? या इकडं मैदानात."

ते आले. मोबाईलमधल्या होकायंत्राचा काटा हलला, थरथरला अन् माझ्या डोरीवर येऊन बसला. बाकीचे दोन मोबाईल मैदानात आणले, तर त्यांचे काटेही तिथंच. पोरांनी अशी शिट्टी मारली की तलावावरचे बगळे उडाले.

एक म्हातारे हळूच म्हणाले, "मौलाना, मतलब हमारी उम्रभर की नमाज बेकार?"

"नाही चाचा. जेवढं कळलं तिकडं तोंड करून मनापासून केली, ती कबूल. पूरब-पच्छिम दोन्ही अल्लाहचेच."

चाचांनी डोळे पुसले अन् चुन्याची पहिली मूठ स्वतः टाकली. वेगळ्या मशिदीची गोष्ट पुन्हा निघाली नाही. भिंत उभी आहे. करीमभाईंनी पुढं आपल्या गोदामाचा लेआउटही मलाच दिला.

शिकलो इतकंच, की दुसऱ्याचे दोन हात जोडल्यानं आपली रेघ मोडत नाही. पण पश्चिम माझी होती, हेही लिहून ठेवतो.