स्वतःविरुद्ध अपील लिहिणारे सर

"नकार खुर्चीने दिलाय, मी नाही," असं म्हणत आमचे सर खुर्चीतून उठायचे आणि टेबलाला वळसा घालून अर्जदाराशेजारी येऊन बसायचे. हुकूम सोडणारे साहेब तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. असा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या आधीची वर्षं. आखातात, मुशैरिबमधल्या आमच्या कंत्राटदार कंपनीत ते कामगारांच्या रजा बघायचे, शेजारच्या टेबलावर मी व्हिसाचं काम करायची. त्याआधी नाशिकच्या कॉलेजात त्यांनी लोकप्रशासन शिकवलेलं. ती खोड काही गेली नव्हती. हातात चहा आला की निघालेच युरोपला!

"जर्मनांनी काय सांगितलं? खुर्चीला सगेसोयरे नसतात. नियम सगळ्यांना एक. पण फ्रेंच त्यांच्याही आधी शहाणे झाले होते. सरकार चुकलं तर सरकारविरुद्ध दाद मागायची सोय त्यांनी करून ठेवली."

"आणि इंग्रज?" मी मुद्दाम विचारायची.

"त्यांनी अलीकडे नागरिकाचं गिऱ्हाईक केलं," म्हणत ते तोंड वाकडं करायचे.

एकदा बीडकडचा एक प्लंबर इंडस्ट्रियल एरियातल्या कामगार वस्तीतून आला. "सर, बाप लई शिरियस हाय. जाऊ द्या मला."

स्टेडियमचं काम संपेपर्यंत रजा बंद होत्या. सरांनी रजा नामंजूर केली, उठले, त्याच्या शेजारी बसले. "चल, आता या नकाराविरुद्ध वर अपील करू."

"तुमच्याच इरुद्ध?" तो बिचारा घाबरला.

मी चिडले. "सर, देऊन टाका ना परस्पर! हा द्राविडी प्राणायाम कशाला?"

"आज आपला मराठी म्हणून याला दिली, तर उद्या त्या नेपाळी पोरांनी कुठे जायचं?"

आणि लिहिलं की हो! स्वतःचाच निर्णय माणुसकीला सोडून आहे, असं ठणकावून लिहिलं. रजा मिळाली. मग काय, अपिलांची रांगच लागली आणि वरचे साहेब भडकले. सरांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, ते साहेबांनी वाढवलं नाही. खलास. मला फार लागलं ते. सर मात्र शांतपणे सामान आवरून नाशिकला गेले.

प्लंबर परतला तेव्हा डोक्यावर नुकते खुंट उगवलेले, हातात सरांसाठी आणलेली शेंगदाण्याची चटणी. कंपनीने सरांना घरी पाठवल्याचं मी सांगितलं तशी त्याने चटणी माझ्या टेबलावर ठेवली. "माझ्यापायी गेली का वो त्यांची नोकरी?"

मी सरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"वडील भेटले का रे?" सरांनी आधी तेच विचारलं.

"भेटले सर. माझ्या हातनं पानी पिले."



"मग झालं की! त्या नोकरीचं काय घेऊन बसलास?"